मनोहररावांचा जबडा आणि बायजाबाईंचं नाव

मनोहरराव ठवकरांचा पहिला संशय उंदरावर गेला.

रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर ते पाटावर जेवायला बसत, भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घालत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या घासाला कुठूनतरी ‘टक्’ असा आवाज येई. ते चावायचे थांबले की आवाजही थांबे. हे लक्षण फारच वाईट. साधा उंदीर आपल्या कामात असतो, हा तर माणसाची चाहूल घेऊन थांबणारा उंदीर होता. मनोहररावांनी फडताळामागे पिंजरा लावला, त्यात भाकरीचा तुकडा अडकवला. तीन दिवसांनी तो तुकडा वाळून कडक झाला, तेव्हा त्यांनी संशय उंदरावरून काढला आणि वरच्या मजल्यावर नेला.

सक्करदऱ्याच्या त्या दुमजली घरात वर भैय्याजी राहत. हे निवृत्त कंपाउंडर. आपण जेवायला बसलो की नेमकं तेव्हाच हा माणूस खाट सरकवतो, अशी मनोहररावांची खात्री पटली. ते वर गेले आणि खाटेचे चारही पाय हलवून पाहिले. भैय्याजींनी कारण विचारलं तर यांनी सांगितलं की ढेकणांचा तपास करतो आहे. त्यावर भैय्याजी आठ दिवस बोलले नाहीत, आणि आवाज मात्र येतच राहिला.

आता घरात उरली एकटी बायको. प्रेमिलाबाई पाठीमागे हात नेऊन बोटं मोडतात काय, हे पाहण्यासाठी मनोहररावांनी एका रात्री जेवता जेवता एकदम मान वळवली. तेवढ्यात टक् झालं. प्रेमिलाबाईंचे दोन्ही हात पिठात होते. त्यांनी शांतपणे नवऱ्याकडे पाहिलं.

“अवो, तुमच्याच गालातून येऊन राहिला आवाज. मले तं वर्ष झालं ऐकू येते.”

“मंग सांगितलं काहून नाही?”

“माहा सैपाक आवडत नाही म्हणून तुम्ही दात खाता, असं वाटे मले.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा प्रकार. पण मनोहररावांना लागलं ते वेगळंच. जी गोष्ट आपल्या तोंडात घडते ती बायकोला एक वर्षापासून ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, मग आणखी कोणाकोणाला ठाऊक असेल? त्या रात्री त्यांनी आरशासमोर उभं राहून तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. उघडताना हनुवटी जरा डावीकडे पळे, कानापुढे काहीतरी घसरे, टक् होई आणि ती परत जागेवर येई. स्वतःची हनुवटी आपल्या हुकमाबाहेर जाते हे चव्वेचाळीसाव्या वर्षी कळणं काही सुखाचं नाही.

मग त्यांना एकेक आठवायला लागलं. गेल्या सहा महिन्यांपासून त्यांचा डावा कान ठणके. त्याचा आळ त्यांनी कचेरीतल्या पंख्यावर आणि तो जोरात लावणाऱ्या शरच्चंद्र डांगऱ्यांवर घातला होता. कानशील दुखे, तो चष्मेवाल्याचा गुन्हा. सकाळी उठल्यावर गाल आंबलेले असत, त्यासाठी उशीतला कापूस बदलून पिंजाऱ्याशी भांडण झालं होतं. आणि पोळ्याच्या सुटीत मोठी जांभई देताना तोंड क्षणभर उघडंच राहिलं होतं, मान झटकल्यावर मिटलं. तेव्हा त्यांना दृष्ट लागल्याचा संशय आला होता, आणि ती कोणाची याची यादीही त्यांनी मनात केली होती. आता ही सगळी माणसं एका दमात निर्दोष ठरली. मनोहररावांना त्याचा आनंद झाला नाही, उलट इतक्या दिवसांचे शत्रू हातचे गेल्यासारखं वाटलं.

दुखण्याची बातमी गल्लीत फुटली ती भैय्याजींमुळे. अबोला सोडून ते खाली आले, त्यांनी जबडा चाचपला आणि निदान केलं की पेच ढिला झाला आहे. रात्री हनुवटीखालून डोक्यावर घट्ट फडकं बांधून उताणं निजायचं, आठ दिवसांत पेच बसतो. मनोहररावांना उपाय संशयास्पद वाटला, पण फुकट होता. उकाडा असल्यामुळे ते ओसरीवर निजले, पांढरं फडकं बांधून, हात छातीवर ठेवून.

पहाटे समोरच्या इंदूबाई सडा टाकायला बाहेर आल्या. हनुवटी कोणाची बांधतात हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. इंदूबाईंनी बादली तिथेच टाकली. मनोहररावांना जाग आली तेव्हा अंगणात पंधरा-वीस माणसं खालच्या मानेनं उभी होती आणि इंदूबाई प्रेमिलाबाईंना पोटाशी धरून धीर देत होत्या. प्रेमिलाबाई झोपेतून उठून आल्या होत्या, त्यांना धीर कशाबद्दल आहे तेच कळत नव्हतं. मनोहरराव उठून बसले तेव्हा दोघेजण पळाले. बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर सुटकेपेक्षा खोळंबा झाल्याची भावना जास्त होती, असं मनोहररावांचं पुढे कायमचं मत झालं, आणि कोण कोण किती लवकर आलं होतं हे त्यांनी लक्षात ठेवलं.

त्यानंतर मात्र ते सरकारी दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर तरुण होता, म्हणजे पहिला संशय तिथेच. त्यानं तोंड पाहण्याऐवजी अंगठा पाहायला मागितला. मनोहररावांचा अंगठा त्यानं मागे वाकवला तर तो जाऊन मनगटाला टेकला. करंगळी वाकवली, तीही उताणी पडली. डॉक्टर खूश झाला. तुमचे सगळेच सांधे जन्मापासून जरा जास्त सैल आहेत, त्यात जबड्याचाही आहे, तो उघडताना आपली खोबण सोडून पुढे घसरतो आणि परत येताना वाजतो, असं त्यानं सांगितलं. भ्यायचं कारण नाही. फक्त तोंड मोठं उघडायचं नाही, जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची, मऊ खायचं, कडक काही चावायचं नाही. एखाद्या वेळी उघडंच अडकलं तर मात्र ताबडतोब इकडे यायचं.

घरी येताना मनोहररावांनी सायकलच्या हँडलवर तीनदा अंगठा वाकवून पाहिला. दाताच्या डॉक्टरला अंगठ्यात रस का, हे कोडं त्यांना सुटलं नाही. पण खिचडी आणि कढी सुरू झाली. तीन आठवड्यांत टक् कमी झालं आणि एक दिवस बंदच झालं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात बायजाबाई कचेरीत आल्या.

इथे कचेरीची एक पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मनोहरराव आणि शरच्चंद्र डांगरे नक्कल विभागात समोरासमोर बसत. वारसांच्या नोंदीचा उतारा कोणी मागितला की मनोहरराव जुन्या रजिस्टरातून नावं मोठ्यानं वाचत आणि डांगरे पेन्सिलीनं कच्चा कागद करत. एक नाव वाचून झालं की मनोहरराव हातातल्या रुळाचा टेबलावर एक ठोका देत, म्हणजे पुढची ओळ. रजिस्टरात जे नाव मयत किंवा कमी केलेलं म्हणून कंसात असे, त्याला दोन ठोके. दोन ठोके ऐकले की डांगरे त्या नावावर आडवी रेघ ओढत. मग कच्च्यावरून पक्की नक्कल होई, रेघ मारलेली नावं गळत, कच्चा कागद टोपलीत जाई, आणि खाली ‘रुजुवात केली’ असं लिहून दोघं सही ठोकत. रुजुवात म्हणजे मूळ आणि नक्कल पुन्हा ताडून पाहणं. ती अठरा वर्षांत कोणी केली नव्हती. बोलण्यात वेळ जात नाही आणि दुपारच्या जेवणानंतर डांगऱ्यांना डोळे मिटूनही काम करता येतं, ही या पद्धतीची थोरवी.

बायजाबाई मौद्याकडच्या. नवरा चंद्रभान वारला, त्याला दोन वर्षं झाली होती. शेतीच्या वाटणीसाठी त्यांनी महिनाभरापूर्वी नक्कल नेली होती, आणि ती दिराला, धोंडबाला, वाचायला दिल्यावर त्यानं सांगितलं की यात माझं नाव आहे, बहीण गोपिकेचं आहे, तुझं नाही. सरकारनंच तुले काढलं, मी काय करू. येत्या सोमवारी तहसीलदारापुढे तारीख होती. त्या दिवशी हाच कागद पुढे गेला असता तर बाईंच्या वाट्याला बांधावरचं गवतही आलं नसतं.

बायजाबाई रडल्या नाहीत. त्यांनी नक्कल टेबलावर ठेवली आणि विचारलं, “बाबूजी, माहं नाव कुठं गेलं?”

मूळ रजिस्टर काढलं तर त्यात तिसऱ्या ओळीवर बायजाबाई, मयत चंद्रभान यांची विधवा, असं ठळक होतं. कंस नाही, काही नाही. नकलेत दोनच नावं, खाली दोन सह्या. अख्ख्या हॉलमध्ये लेखण्या थांबल्या. धोंडबाकडून कोणी काय खाल्लं, याचा हिशोब लोकांच्या डोळ्यांत दिसायला लागला.

प्रकरण पिंपळापुरे साहेबांकडे गेलं. साहेब दोन मनगटांवर दोन घड्याळं बांधत, कारण एकावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी मूळ रजिस्टरला लाखेचं सील लावलं. चूक कशी झाली याचा निर्णय होईपर्यंत नवी नक्कल द्यायची नाही, असा हुकूम दिला. म्हणजे नाव रजिस्टरात आहे हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण बाईला ते मिळणार नव्हतं. निर्णय शनिवारी. दोघांपैकी कोण दोषी ते ठरलं की त्याचं निलंबन.

मनोहररावांचा संशय अर्थातच डांगऱ्यांवर. डांगऱ्यांचा मनोहररावांवर. दोघं दोन दिवस समोरासमोर बसून एकमेकांची पानसुपारीसुद्धा तपासत होते. तिसऱ्या दिवशी डांगरे फुटले. ते म्हणाले, “ठवकर, देवाशपथ सांगतो, तुम्ही दोन ठोके दिले होते. मी कानानं ऐकले. आजकाल तुम्ही लई ठिकाणी दोन देता.”

मनोहरराव तोंड उघडणार होते. त्यांनी ते निम्म्यावर थांबवलं, डॉक्टरच्या सांगण्यामुळे नव्हे तर एकदम घाम फुटल्यामुळे. बायजाबाई. या नावात दोन ‘बा’ आहेत आणि मध्ये एक ‘जा’. तेवढं तोंड वासल्यावर, परत मिटताना जबडा वाजला असणार. एक ठोका रुळाचा, एक गालाचा.

त्यांनी हे डांगऱ्यांना सांगितलं. डांगरे खुर्ची सरकवून जवळ आले आणि त्यांनी मनोहररावांच्या गालाला कान लावला. काहीच वाजलं नाही. दवा लागू पडली होती.

आता सुरू झाली ती उलटी चिकित्सा. ज्या आवाजामागे उंदराचा पिंजरा लावला, तो आवाज परत आणण्यासाठी मनोहररावांनी खिचडी सोडली. डांगरे घरून खिसे भरून फुटाणे आणत. दुपारी दोघं सायकलींच्या छपरामागे जात, मनोहरराव फुटाणे चावत आणि डांगरे गालाला कान लावून उभे राहत. हे दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांनी वर जाऊन सांगितलं की दोघं कानात बोलून साक्षी जुळवून राहिले. गुरुवारी एकदा टक् झालं. डांगऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शुक्रवारी दिवसभर काही नाही. दुखणं मात्र परत आलं, कान ठणकला, गाल आंबले. भैय्याजींनी घरी आणखी एक उपाय सुचवला, त्यावर मनोहररावांनी त्यांना जिन्यापर्यंत पोहोचवून दिलं.

शनिवारी साहेबांच्या खोलीत एका बाजूला बायजाबाई उभ्या, टेबलाशी हे दोघं. मनोहररावांनी दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी पुढे ठेवली. साहेबांनी ती उजेडात धरून पाहिली, उलटी करून पाहिली आणि विचारलं की यात अंगठ्याचा उल्लेख कशासाठी. तो संशय मनोहररावांचाही होता. तेव्हा साहेब म्हणाले, प्रत्यक्षच करून दाखवा. सील फोडलं. मनोहरराव वाचणार, डांगरे लिहिणार.

“धोंडबा,” मनोहररावांनी वाचलं आणि रुळाचा ठोका दिला. एकच. “गोपिका.” ठोका. एकच. त्यांना आपलं हृदय वाजलेलं ऐकू येत होतं, जबडा मात्र गप्प. “बायजाबाई, मयत चंद्रभान यांची विधवा,” त्यांनी प्रत्येक ‘बा’ पुढच्या इमारतीपर्यंत ऐकू जाईल असा उच्चारला आणि ठोका दिला. एकच. डांगऱ्यांनी नाव लिहिलं. साहेबांनी दोन्ही घड्याळं पाहिली आणि फाइलीची दोरी हातात घेतली.

अठरा वर्षांची नोकरी त्या दोरीनं बांधली जाणार होती. मनोहररावांनी देवाचं नाव घेतलं आणि तोंड उघडलं, जितकं उघडेल तितकं, आणि त्याच्याही पुढे. कानापुढे काहीतरी घसरलं. वाजलं नाही. पण तोंड परत मिटेना.

ते तसेच उभे राहिले, तोंडात अख्खी मूठ जाईल इतका आ करून. साहेबांनी सांगितलं की नाटक पुरे. मनोहररावांनी ‘आ’ एवढंच उत्तर दिलं. हनुवटीवरून लाळ गळायला लागली, डोळ्यांतून पाणी. अठरा वर्षं ज्या टेबलांपुढे मान खाली घालून सभ्यपणे काढली, तिथे आपण असे उभे आहोत याची त्यांना इतकी लाज वाटली की दुखणंही कळेना. डांगरे मनगटावर पाणी मारा म्हणत होते. शिपाई कांदा शोधायला गेला.

बायजाबाई पुढे आल्या. त्यांनी मनोहररावांचे खांदे धरून त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पदराची दोन टोकं दोन अंगठ्यांना गुंडाळली. “आमच्या सासूचा उतरे, जांभई आली का,” त्या साहेबांना म्हणाल्या. “बारा वर्षं मीच बसवला. हालू नका बाबूजी.” अंगठे आत, मागच्या दाढांवर. त्यांनी आधी खाली दाबलं, मग मागे लोटलं.

टक् झालं. खोलीतच काय, बाहेर पट्टेवाल्यालाही ऐकू गेलं.

मनोहररावांचं तोंड मिटलं. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. साहेब मात्र पाहत नव्हते. साहेबांची नजर डांगऱ्यांच्या हाताकडे होती. भेदरून कागदावर पेन्सिल टेकवून बसलेल्या डांगऱ्यांनी, अठरा वर्षांच्या सवयीनं, बायजाबाईंच्या नावावर आडवी रेघ ओढली होती.

डांगऱ्यांना स्वतःला ती दिसली तेव्हा त्यांच्या हातून पेन्सिल पडली. साहेबांनी कागद ओढून घेतला आणि कोणाच्याही निलंबनाचं न बोलता फाइलीत लावला. मग त्यांनी हुकूम दिला की या बाईंना आत्ताच्या आत्ता नवी नक्कल द्या, आणि या दोघांनी मागच्या दीड वर्षात दिलेल्या सगळ्या नकला मुळाशी ताडून पाहा. खरोखर ताडून, असं ते दोनदा म्हणाले.

पण बायजाबाईंनीही ती रेघ पाहिली होती. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी नावावरून रेघ गेली हे कळायला अक्षरओळख लागत नाही. नवी नक्कल शाईनं लिहून झाली, शिक्का बसला, तोपर्यंत त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. मनोहररावांनी हनुवटीखाली मूठ धरून, हळू आवाजात तिन्ही नावं वाचून दाखवली आणि कागद पुढे केला. बायजाबाईंनी तो घेतला नाही.

“तुमच्या तोंडाचा मले भरोसा नाही, बाबूजी,” त्या म्हणाल्या. “बोट ठेवून दाखवा, माहं नाव कोनतं हाय ते.”

मनोहररावांना आयुष्यात सगळ्यांवर संशय घेण्याची सवय होती. आपल्यावर असा कोणी रास्त संशय घेईल याची त्यांना कल्पना नव्हती. गेले पाच दिवस त्यांनी आपली अब्रू, आपली नोकरी, आपला गाल यांचाच विचार केला होता. सोमवारची तारीख कोणाची आहे हे त्यांना एकदाही आठवलं नव्हतं. फुटाणे खाताना नाही, रात्री कान ठणकताना नाही. त्यांना स्वतःचा फार राग आला. त्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते सरळ राहील याची काळजी घेत नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत फिरवलं.

बायजाबाईंनी त्यांचं बोट बाजूला सारलं, त्या जागी आपलं बोट दाबून ठेवलं, आणि ते न उचलता, कागद दोन्ही हातांत धरून, मौद्याच्या गाडीसाठी जिना उतरायला लागल्या.